तू सोडून वाचलेल्या ओळी

सुमन, आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सांबार निवडला. पुण्या-मुंबईकडच्या तुह्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो, सांबार म्हणजे कोथिंबीर. नाहीतर ते इडलीसोबतचा समजतील. अंगणात थंडीतलं चांगलं ऊन होतं. बाजारात जुड्या स्वस्त होत्या म्हणून मी पिशवीभर घेऊन आलो, तर तू म्हटलं, "एवढा कायले आणला? लगन हाय काय कोणाचं?" मग तूच म्हटलं की सांबारवडी करू, डब्यातही जाईल. मी काड्या मोडत बसलो आणि तू मांडीवर टॅब घेऊन मले वाचून दाखवायले लागली, रोजच्यासारखी.

एका पेशंटच्या बापानं रिकाम्या डब्यात हरभऱ्याचे घाटे भरून पाठवले, त्याची गोष्ट होती. तू वाचलं, "म्हाताऱ्यानं घाटे पाठवले." मी म्हटलं, "म्हातारा काहून लिहिलं? माझ्याच वयाचा हाय तो." तू तिथं 'आजोबा' केलं. मी म्हटलं, "हे तर आणखी वाईट." तू हसली. मग पुढं वाचता वाचता मधेच थांबली, खाकरली, अन् खालच्या ओळीवरून वाचायले लागली. मले वाटलं घसा बसला. मी म्हटलं पाणी पी. तू म्हटलं, "नको, झालंच."

घसा नव्हता बसला. तिथं एक ओळ होती अन् तू ती सोडून वाचली.

त्याच दिवशी दिवेलागणीले तू खाटेवर बसली अन् म्हटलं, "अवो, जरा इकडं या." मी आलो. तेवढंच. बाकी कसं काय झालं ते मी लिहीत नाही, जे आले होते त्यांनी पाहिलं आहे.

मले तुह्यावर राग आला आहे. लोक म्हणून राहिले की काका, आता राग सोडा, त्यांच्या आत्म्याले त्रास होईल. होऊ दे. थोडा त्रास तुलेही होऊ दे.

तुह्या या ब्लॉगचं मले पहिल्यापासून पटलं नव्हतं, हे तुले माहीत आहे. प्रशांत पुण्याले नोकरीले गेला, तू दिवसभर भिंतीशी बोलायची, तर पोरानं सुट्टीत येऊन तुले हे उघडून दिलं. म्हणे, आई, तू बोलते तसंच लिही. तू उमरेडच्या तुह्या माहेरचं लिहायले लागली. मागावर बसलेल्या आजोबाले तुरीच्या उकडलेल्या शेंगा कशा न्यायच्या, हात पुसल्याशिवाय सुताले हात लावला तर आजोबा कसे ओरडायचे. कोणी वाचत नव्हतं. प्रशांत वाचे अन् त्याची एक मावसबहीण वाचे. मी म्हणायचो, "दोन लोकांसाठी एवढी बोटं झिजवते, त्यापेक्षा फोन कर ना." तू म्हणायची, "तुम्ही कूलरले गवत लावा, मले माझं काम करू द्या."

मग त्या चंद्रपूरकडच्या बाईनं तिथं खाली लिहिलं. तिचा नवरा नागपूरले भरती होता. गावातून आलेली, शहरात कोणी ओळखीचं नाही, नवऱ्याले डॉक्टरनं मऊ खायले सांगितलं अन् बाहेर सगळीकडं तिखट. तिनं एवढंच विचारलं होतं की ताई, तुम्ही लिहिता तसं मुगाचं वरण अन् मऊ भात इथं कुठं विकत भेटतो काय. तू मले ते वाचून दाखवलं अन् टॅबवरून डोकं न उचलता म्हटलं, "अवो, गाडीत पेट्रोल हाय काय?"

मी शिव्या देत गेलो. लिफ्ट बंद, वॉर्ड वरच्या मजल्यावर, अन् ती बाई मले पाहून रडायले लागली तर मले कळेना उभं राहावं की बसावं. दुसऱ्या दिवशी डबा आणायले गेलो तर तिनं धुऊन दिला. घरी येऊन तू झाकण उघडलं. आत मूठभर मोहाची वाळलेली फुलं होती. गावाहून येताना पदराले बांधून आणली असतील. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, पण दुसऱ्याचा डबा रिकामा परत कसा करायचा?

तू त्यावर लिहिलं. ते लिहिलं अन् सारं बदललं. जे कधी एक शब्द लिहीत नव्हते ते लिहायले लागले. कोणाची आजी मोह वेचायची, कोणाच्या घरी डब्यातून साखरेचा खडा यायचा, कोणाच्या सासूनं रिकामं भांडं परत केलं म्हणून दोन घरं वर्षभर बोलली नाहीत. कुठं अमेरिकेत बसलेली बाई लिहे की काकू, मी इथं शेजारणीले वाटीत लिंबू घालून वाटी परत दिली तर तिले कळलंच नाही काहून दिलं ते. आणि मग नागपुरातल्या बायांनी लिहिलं, काकू, एकट्या किती कराल, आम्हीही करतो.

महाल भागातली मीनाक्षी, बँकेत आहे, तिचा बुधवार. प्रताप नगरच्या ज्योतीचा गुरुवार, कारण तिच्या भाकरी लुसलुशीत राहतात. असे वार लागले. डबे लागले. अन् डबे पोहोचवायले कोण? हा कूलरवाला. रिटायर माणूस, स्कूटर आहे, कामधंदा नाही. माझं कोणी मत घेतलं नाही. लोकं मले दवाखान्याच्या दारात हाक मारायचे, "ओ डबेवाले काका!" जन्मभर कूलरची मोटर बांधली, नाव झालं डब्यावर.

मी तुले म्हणायचो, "सुमन, हे लोक आपले नाहीत. ते मशीनमधले आहेत. उद्या बटण बंद झालं की संपले." तू म्हणायची, "मग आपले कोण? तुमचा भाऊ? जो लगनाची पत्रिका द्यायलेच दिसते?" मी स्कूटरले किक मारायचो. हे भांडण आपलं अजून संपलं नव्हतं. तू मधेच उठून गेली.

तरी मी गप्प होतो, कारण एक गोष्ट होती. तू कोणतंही लिहिलेलं माझ्या कानावरून गेल्याशिवाय तिथं टाकत नव्हती. मी चौथी शिकलेला. वाचता येते, पण अक्षराले अक्षर लावत. तू म्हणायची, तुम्ही ऐका, चुकलं असंल तर सांगा. मी चुका काढायचो. "असं मी म्हटलोच नव्हतो." "वरणात लसूण नव्हता त्या दिवशी." तू एखादा शब्द बदलायची. मले वाटायचं, साऱ्या दुनियेले जे माहीत आहे ते आधी मले माहीत आहे. गर्व होता म्हण. घरचा मालक असल्यासारखं वाटे.

तिसऱ्या दिवशी मीनाक्षी आली, तिच्यासोबत आणखी पाच-सहा बाया. मरणाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून जेवण घेऊन आल्या होत्या. तुह्याच डब्यांत. तुह्याच डब्यांत, सुमन, ज्यांच्या बुडाले तू लाल नेलपॉलिशनं ठिपका काढला होता हरवू नये म्हणून. मले वॉर्डातल्या पेशंटसारखं वाटलं. प्रशांतनं बळजबरीनं दोन घास भरवले.

बाया तुह्या गोष्टी काढून रडत होत्या. एक म्हणे काकू असं लिहायच्या, दुसरी म्हणे तसं लिहायच्या. मी खांबाले टेकून ऐकत होतो. तेवढ्यात मीनाक्षी डोळे पुसत म्हणाली, "जिना चढताना दम लागतो, जबडा दुखतो म्हणून लिहिलं होतं त्यांनी दिवाळीपासून. आम्ही किती सांगितलं डॉक्टरकडे जा म्हणून."

मी म्हटलं, "कुठं लिहिलं होतं?"

"ब्लॉगवर, काका."

"नव्हतं लिहिलं. मले वाचून दाखवलं सगळं."

साऱ्या एकमेकींकडं पाहायले लागल्या. मीनाक्षी खाली पाहून म्हणाली, "काका, तुम्हाला वाचून दाखवताना त्या ते सोडायच्या. आम्हाला माहीत होतं."

मी म्हटलं, "तुले माहीत होतं? दर बुधवारी तुह्या दारात उभा राहतो मी. तू मले पिशवी देते, चहाले विचारते, पेट्रोलचे भाव विचारते. अन् एवढं एक वाक्य तुह्या तोंडातून निघालं नाही?"

"काकूंनी शपथ घातली होती, काका."

"शपथ! बँकेत नोकरी करते ना तू? शिकलेली आहे ना? माणूस मोठा की शपथ मोठी?"

प्रशांत मधे पडला, "बाबा, जाऊ द्या." मी त्याच्यावर फिरलो. "अन् तू बे? तूच उघडून दिलं होतं ना ते? तू नाई वाचत?" तो म्हणाला, "कधी कधी वाचायचो बाबा. कामात राहून जायचं." त्याचं तोंड पाहून मी पुढं बोललो नाही. त्याले जन्मभर पुरेल एवढं ते होतं.

मी आत गेलो, सारे डबे धुतले, पुसले अन् बाहेर आणून एकेकीच्या हातात दिले. रिकामे. मीनाक्षीनं डबा हातात घेतला अन् वजनावरूनच तिले कळलं. तुह्या राज्यात असा डबा कधी गेला नव्हता. तिनं मले सावरायचं पाहिलं. म्हणाली, "बरोबर आहे काका, सुतकात घरातून काही द्यायचं नसतं."

मी म्हटलं, "सुतक गेलं खड्ड्यात. मी मुद्दाम रिकामे दिले."

गेल्या बिचाऱ्या. बिचाऱ्या लिहिलं मी, तर तसंच राहू दे. त्या वेळेस मले तसं वाटत नव्हतं.

मग मी टॅब घेतला अन् वाचायले बसलो. अक्षराले अक्षर लावत. प्रशांत म्हणाला मी वाचून दाखवतो, मी म्हटलं हात लावू नको. आता कोणी मले वाचून दाखवायचं नाही.

काय काय सोडलं होतं वं तू! मले वाटलं होतं नुसतं दुखण्याचंच असेल. तू तर माझंही सोडलं होतं. एका जागी लिहिलं आहे, "आमच्या घरचे तोंडानं शिव्या देत जातात, पण वरणाचा डबा सांडू नये म्हणून दोन्ही पायांच्या मधात धरतात. पायाले चटका बसते, सांगत नाहीत." एका जागी लिहिलं, "परत येताना सिग्नलवर हळूच झाकण उघडून पाहतात, आज काय आलं म्हणून. मले माहीत हाय हे त्यांले माहीत नाही." खाली पन्नास लोक हसले आहेत. मी ज्या ज्या वॉर्डात गेलो, ज्या ज्या दारात उभा राहिलो, तिथं साऱ्यांना हे माहीत होतं. माझ्या तोंडावर वाचायले काय झालं होतं तुले? एवढी वर्षं मी समजत होतो की तुले माझ्या शिव्याच ऐकू येतात. एखाद्या दुपारी ती ओळ वाचली असती तर मी काही मरून पडलो नसतो. म्हटलं असतं, "काहीही लिहिते." अन् उठून चहा मांडला असता.

अन् मग ते दुसरं. दिवाळीनंतरचं. "आजकाल जिना चढला की दम लागते." "डाव्या खांद्यातून कळ निघाली, बसून राहिले, मग वरणाले फोडणी दिली." आणि त्या शेवटच्या दिवसाची ओळ, सांबार निवडताना जिथं तू खाकरली, "ही ओळ मी घरी वाचून दाखवणार नाही. यांनी ऐकली तर उद्याच सारे डबे बंद करतील अन् मले खाटेवर बसवतील."

हो, बंद केले असते! एका दिवसात. एकेक डबा रद्दीवाल्याले दिला असता. तुले खाटेवर बसवलं असतं, तू तोंड फुगवून बसली असती, मले बोलली नसती, माझ्या हातचं करपलेलं वरण खाल्लं असतं. पण बसली असती. तू बरोबर ओळखलं होतं मले, याचाच जास्त राग येते. या गावात ज्या दवाखान्यात ओळखीचा माणूस नाही म्हणून लोक रडतात, तिथल्या वॉर्डबॉयपासून लिफ्टवाल्यापर्यंत सारे मले काका म्हणतात. तुले नंबर लावावा लागला नसता. ज्याच्या गाडीवर बसून साऱ्या विदर्भातल्या पेशंटचं वरण गेलं, त्याच्या मागच्या सीटवर तू एकदा बसली नाही.

प्रशांत विचारून राहिला, बाबा, हे बंद करू का. अन् मीनाक्षीचा निरोप आला की काका, बंद करू नका, डबे आम्ही चालवतो, फक्त तुम्ही दोन शब्द लिहा, लोक वाट पाहून राहिले. वारसा, असा काही शब्द तिनं लिहिला. तो शब्द मले आवडला नाही. बाई मेली अन् यांना वारसा पाहिजे. मी प्रशांतले म्हटलं, करून टाक बंद. त्यानं विचारलं, नक्की? मी म्हटलं थांब, आधी मले खालपर्यंत वाचू दे.

खाली, जिथं खांद्यातून कळ निघाल्याचं तू लिहिलं होतं, तिथं लोकांनी लिहिलं होतं. काकू दाखवा, काकू काळजी घ्या, काकू हे चाटण घ्या, ते घ्या. काकांना सांगा असंही लिहिलं होतं, खोटं कशाले बोलू. त्यांच्या मधे ज्योती होती, आपली प्रताप नगरची, गुरुवारची. तिनं लिहिलं होतं, "काकू, मलाही अगदी असंच होतं. पाण्याची बादली उचलली की छाती भरून येते, हाताला मुंग्या येतात. घरी सांगितलं नाही, यांना आधीच ऑफिसचं टेन्शन आहे."

आणि त्याच्याखाली तू उत्तर दिलं होतं. तू! "थंडी जाऊ दे वं, मग दोघी मिळून जाऊ दाखवायले. तोवर गुपचूप."

मी ते पुन्हा वाचलं. मग टॅब उलटा ठेवला. सुमन, याच्याइतका राग मले तुह्यावर जन्मात आला नाही. तू स्वतःचं लपवलं ते लपवलं, ती तुही मर्जी. पण त्या पोरीले तू सोबत घेऊन बसली. तिचं पोरगं अजून शाळेत आहे. तू म्हणायची ना, हे आपले लोक आहेत, एकमेकांचं दुःख सांगतात? सांगत होते, हे खरं. दाराच्या आत सोडून साऱ्या दुनियेले सांगत होते. अन् दुनिया काळजी घ्या लिहून झोपायले जात होती.

मी प्रशांतले म्हटलं, बंद नको करू. तो म्हणाला, काहून? मी म्हटलं, बंद केलं तर कोणाले काय होऊन राहिलं हे मले कसं कळेल?

म्हणून हे मी तुह्याच जागी लिहिलं आहे. प्रशांतनं टाइप केलं, मी शेजारी बसून पाहिलं की एकही ओळ सुटली नाही. डबे चालतील. गाडी मी चालवीन, हातपाय चालतात तोवर. पण ज्यानं इथं लिहिलं की दुखते अन् घरी सांगितलं नाही, त्यानं समजून घ्यावं की इथं आता काकू नाही, मी आहे. मी शपथ पाळत नाही. मले तुमचे पत्ते माहीत आहेत.

वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांत उठायच्या आत मी स्कूटर काढली. सुतक होतं, कोणाच्या घरी जायचं नसतं, तरी गेलो. प्रताप नगरले ज्योतीच्या फाटकात उभा राहून बेल वाजवली. तिचा नवरा तोंडात ब्रश घेऊन आला. मले पाहून गडबडला, "काका, तुम्ही? या ना आत." मी म्हटलं, "आत येत नाही. ज्योतीले बोलवा."

ती आली. हाताले कणीक होती. मले पाहिलं अन् तिले समजलं. नवऱ्याच्या मागून तिनं मान हलवली, नको काका, नको. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

मी नवऱ्याले म्हटलं, "तुमच्या बायकोची छाती भरून येते. हाताले मुंग्या येतात. दोन-अडीच महिने झाले. तिनं तुम्हाले सांगितलं नाही. आता मी सांगितलं."

त्यानं ब्रश हातात घेतला. वळून म्हणाला, "काय वं? खरं हाय?"

ती त्याच्याशी बोललीच नाही. माझ्यावरच भडकली. "काका, हे बरोबर केलं नाही तुम्ही. काकूंनी कोणाला सांगायचं नाही म्हटलं होतं."

मी म्हटलं, "काकू मेली."

नवरा आत गेला, शर्ट अडकवत किल्ली घेऊन आला. त्यानं गाडी बाहेर काढली. ती कणकेचे हात तसेच पदराले पुसत मागच्या सीटवर बसली, माझ्याकडं पाहिलं नाही. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी रस्त्यात उभा राहिलो. घाईत त्यांचं फाटक उघडंच राहिलं होतं, ते ओढून कडी लावली.